सागाचे ओंडके, लोणारी कोळसा आणि रानातले रूळ

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात म्हैसूर संस्थानाच्या मलनाडात, म्हणजे पश्चिमेच्या डोंगराळ मुलखात, आणि उत्तरेला त्याला लागून असलेल्या कारवार जिल्ह्याच्या रानांत दसरा उलटला की लाकूडतोडीचे तळ पडत आणि मृग लागायच्या आत उठत. तळांवरचे लाकूड बाहेर काढण्यासाठी कुठे मीटरगेजचा फाटा टाकला गेला, कुठे दोन फुटी ट्रामवे. रुळांच्या दुसऱ्या टोकाला रेल्वेची स्लीपरची मागणी होती, लोखंडाची भट्टी होती आणि झपाट्याने वाढणारे बंगळूर होते. या व्यवहारातली शहराची बाजू बऱ्यापैकी नोंदलेली आहे. रानाची आणि तळावरच्या माणसांची बाजू फार थोडी.

शहराच्या बाजूने पाहायचे तर चामराजपेट ही चांगली जागा. ही बंगळूरच्या पहिल्या आखीव वसाहतींपैकी एक. १८९२ साली, दहाव्या चामराजेंद्र वाडियारांच्या कारकिर्दीत, जुन्या किल्ल्याच्या पश्चिमेला सरळ मुख्य रस्ते आणि त्यांना छेदणारे आडरस्ते आखून ती वसवली गेली. सहा वर्षांनी, १८९८ मध्ये, प्लेगने जुन्या पेठेतल्या दाट वस्तीत हाहाकार माजवला आणि मोकळ्या जागेत घर बांधणे ही हौस न राहता गरज झाली. बसवनगुडी आणि मल्लेश्वरम त्यानंतरची. या सगळ्या वसाहतींतली घरे लाकूड खाणारी होती. मंगळुरी कौलांना वासे आणि रिपा लागत. सपाट छताला, म्हणजे ‘मद्रास टेरेस’ला, सागाच्या तुळया आणि त्यांवर जवळजवळ बसवलेल्या कड्या लागत, त्यांवर चपट्या विटा उभ्या रचून वर चुना कुटला जाई. दारे, चौकटी, जिने, ओसरीचे खांब वेगळेच. शिवाय प्रत्येक घरात रोजची चूल होतीच.

याच चामराजपेटेत, पूर्वीच्या अल्बर्ट व्हिक्टर रस्त्यावर, टिपू सुलतानाचा उन्हाळी महाल उभा आहे. हैदर अलीने सुरू केलेले हे काम १७९१ मध्ये पुरे झाले. दगडी जोत्यावर उभे खांब, महिरपी, सज्जे, सारे सागवानी. १८६८ पर्यंत म्हैसूरची सचिवालये इथेच होती. बंगळूरला पहिली आगगाडी १८६४ मध्ये आली, तेव्हा हा महाल सत्तर वर्षांहून जुना झालेला होता. त्याचे लाकूड आणणारे बळ बैलांचे आणि हत्तींचे. राजाच्या एका महालासाठी तेवढे बळ पुरले. हजारो घरांच्या शहरासाठी ते पुरणारे नव्हते.

का पुरणारे नव्हते, हे एका ओंडक्याचे माप घेतले की कळते. वखारीत ओंडक्याचे घनफूट काढण्याची रीत ‘पाव-घेर’ मापाची आहे. ओंडक्याच्या मध्यावर फीत गुंडाळून घेर घ्यायचा, त्याला चाराने भागायचे, आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. सहा फूट घेराच्या, वीस फूट लांबीच्या ओंडक्याचा पाव-घेर दीड फूट, वर्ग सव्वादोन, आणि माप भरते ४५ घनफूट. तोच ओंडका पूर्ण गोल धरून भूमितीने मोजला तर सुमारे ५७ घनफूट निघतो. मधली तूट ही साल, गोलाईतल्या फळ्या आणि करवतीचा भुसा यांसाठी सोडलेली सूट. माल मात्र पूर्ण ५७ घनफुटांचा वाहावा लागतो. वाळलेला साग धरला तरी असा एक ओंडका टनभर भरतो, ओला असेल तर त्याहून जड. बैलजोडीला रानातल्या कच्च्या वाटेवर तेवढेच ओझे. मलनाडातून बंगळूर दोनअडीचशे किलोमीटर. एका तुळईसाठी एक खटारा आणि दोनतीन आठवड्यांचा प्रवास, असा हा हिशोब होता.

रेल्वेने हा हिशोब मोडला, पण लाकडाची पहिली मोठी गिऱ्हाईक रेल्वे स्वतःच निघाली. एक मैल रुळांखाली सुमारे दोन हजार स्लीपर बसतात. मीटरगेजचा स्लीपर सहा फूट लांब, आठ इंच रुंद आणि साडेचार इंच जाड धरला तर दीड घनफुटाचा, म्हणजे मैलाला तीन हजार घनफूट चिरलेले लाकूड. ते एकदा बसवून भागत नाही. वाळवी आणि ओल यांच्यापुढे हलके लाकूड चारपाच वर्षे टिकते आणि साग दहापंधरा; मग बदल. शिवाय दक्षिणेत दगडी कोळसा महाग असल्यामुळे कित्येक वर्षे एंजिनांच्या भट्ट्यांत लाकूडच जळत होते. रेल्वेने रान गाठले ते स्वतःच्या पोटासाठी आधी आणि शहरासाठी नंतर.

सरकारने रानांवर ताबा बसवला तो याच काळात. ह्यू क्लेगहॉर्न हा कंपनीचा डॉक्टर १८४० च्या दशकात शिमोग्यात होता. तिथली रानांची तोड पाहून त्याने रक्षणाची बाजू मांडायला सुरुवात केली आणि १८५६ मध्ये तो मद्रास इलाख्याचा वनसंरक्षक झाला. १८६४ मध्ये म्हैसूरचे वनखाते उभे राहिले, त्याच वर्षी डिट्रिख ब्रँडिस हिंदुस्थानचा पहिला वन महानिरीक्षक झाला. १८७८ च्या कायद्याने राखीव जंगले आखली गेली. राखण याचा अर्थ तोड बंद असा नव्हता. कोणी तोडायचे हे सरकारने ठरवायचे, असा होता. बेळगाव-कारवारकडच्या डोंगरांत कुमरी शेती करणाऱ्या, म्हणजे रानाचा तुकडा जाळून तिथे दोनतीन वर्षे नाचणी काढणाऱ्या कुटुंबांचे हात त्यामुळे रिकामे झाले. हेच हात पुढे तोडीच्या कामाला लागले. रान ज्यांचे घर होते त्यांनाच तिथे मजूर म्हणून उभे राहावे लागले, ही या इतिहासातली सगळ्यात कठोर गोष्ट आहे.

तोडीचे काम असे चाले. खात्याने रानाचे भाग पाडलेले असत. एका वर्षाच्या तोडीचा भाग म्हणजे कूप. पावसाळ्यानंतर वनरक्षक आणि रेंजर कुपात फिरून तोडायची झाडे निवडत. झाडाच्या बुंध्याशी साल तासून तिथे लोखंडी हातोड्याने शिक्का मारला जाई. हातोड्याच्या तोंडावर उलटी अक्षरे कोरलेली असत आणि एकाच घावात ती लाकडात उमटत. दुसरा शिक्का तोडलेल्या ओंडक्याच्या तोंडावर बसे. शिक्का नसलेला ओंडका नाक्यावर अडवला जाई. घेर, लांबी, जात आणि अनुक्रमांक वहीत चढला की मगच माल हलवायचा.

कंत्राटदाराचा मुकादम पावसाळ्यातच गावोगाव फिरून उचल देऊन माणसे बांधून ठेवी. कारवार-बेळगावच्या रानांत ही माणसे कुणबी, गवळी-धनगर, सिद्दी आणि घाटाखालची असत; मलनाडात बरेचसे मजूर बाहेरून आणावे लागत. तळ म्हणजे ओढ्याकाठी बांबू आणि गवताच्या झोपड्यांची रांग, मुकादमाची जरा मोठी झोपडी, बैलांचा गोठा, लोहाराचा भाता. नाचणी, तांदूळ, मीठ, मिरची, तंबाखू कंत्राटदाराच्याच दुकानातून आणि उचलीत वळती. हंगाम संपताना कित्येकांच्या हाती पैसा न येता पुढच्या हंगामाचे देणेच उरे.

झाड पाडायला कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायची करवत. ज्या बाजूला पाडायचे त्या बाजूला कुऱ्हाडीने खाच घ्यायची, मग पलीकडून करवत चालवायची आणि करवत अडकू नये म्हणून मागे पाचर ठोकत जायची. पाडलेल्या झाडाच्या फांद्या साळून ओंडके करायचे. स्लीपर आणि तुळया पुष्कळदा रानातच चिरत. ओंडका उंच घोडीवर चढवायचा, एक जण वर उभा, एक जण खाली, आणि दोघांच्या मध्ये उभी करवत. खालच्या माणसाच्या डोळ्यांत दिवसभर भुसा पडे. दोन माणसे आठवडाभर राबली तरी स्लीपरचा ढीग लहानच दिसे. मैलाचे दोन हजार स्लीपर हा आकडा त्या ढिगाशेजारी उभा करून वाचला पाहिजे.

ओंडका बुंध्यापासून वाटेपर्यंत ओढायला चढउताराच्या जागी हत्ती लागे. ओंडक्याच्या टोकाला भोक पाडून किंवा गळ्याशी खाच घेऊन साखळदंड अडकवत. हत्तीला उन्हात राबवता येत नाही, म्हणून ओढणी पहाटे सुरू होऊन ऊन चढायच्या आत थांबे. उरलेला दिवस चारा आणि अंघोळ. म्हैसूरला हत्तींची वाण नव्हती. जी. पी. सँडर्सनने १८७० च्या दशकात संस्थानात खेडा पद्धतीने, म्हणजे कळपच्या कळप कुंपणात हाकून, हत्ती धरायला सुरुवात केली होती. शिमोग्याजवळ सक्रेबैलूची हत्तीशाळा आज पर्यटकांनी भरलेली असते; तिथल्या माहुतांची विद्या या ओंडक्यांच्या कामातूनच पोसलेली आहे.

तळांचा खरा शत्रू हिवताप होता. मलनाडाची गावेच्या गावे त्याने खंगली होती. डोंगरातले संथ, स्वच्छ ओढे डासांच्या वाढीला पोषक, आणि तळ नेमका ओढ्याकाठीच. रोनाल्ड रॉस १८९५ मध्ये बंगळूरला पटकीच्या कामावर होता. दोन वर्षांनी सिकंदराबादला त्याने डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला. कारण कळले, पण तळावरच्या माणसाच्या वाट्याला कारण कळूनही फक्त क्विनाइन आले, तेही असले तर. डीडीटीच्या फवारणीने हिवताप हटला तो १९५० च्या दशकात. आणि त्याच दशकात, १९५७ मध्ये, शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यातल्या क्यासनूर रानात माकडे मरू लागली आणि त्यांच्या पाठोपाठ रानात जाणारी माणसे तापाने फणफणू लागली. गोचिडांतून पसरणारा हा ‘माकडताप’ आजही मलनाडात दर उन्हाळ्याला डोके वर काढतो.

मलनाडात हे तळ पडत होते त्याच काळात अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर लाकूडतोडीचा धंदा शिखरावर होता, आणि तिथला तळ वेगळ्या ताकदीवर उभा होता. इफ्राइम शे याने १८८१ मध्ये दात्यांच्या चाकांनी चालणाऱ्या एंजिनाचे पेटंट घेतले. प्रत्येक चाकाला जोर मिळत असल्याने ते कच्च्या, वेड्यावाकड्या, चढाच्या रुळांवरही घसरत नसे. जवळजवळ त्याच वेळी कॅलिफोर्नियात जॉन डॉल्बीअरने वाफेची ‘डाँकी’ बांधली. तिच्या पिंपावर दोर गुंडाळला की ओंडका आपोआप ओढला येई. रूळ टाकायचे, रान साफ करायचे, रूळ उचलून पुढे न्यायचे. झोपण्याच्या खोल्याही चाकांवर. १९१७ मध्ये तिथल्या तोडकऱ्यांनी आठ तासांच्या दिवसासाठी मोठा संप केला आणि पुढच्या वर्षी आठ तास पदरात पाडून घेतले. आपल्याकडे रान सरकारचे किंवा संस्थानाचे, बळ हत्तीचे आणि बैलाचे, मजूर उचलीने बांधलेला. इथे कूप ठरवून दिलेले असल्यामुळे डोंगरच्या डोंगर एकदम बोडके झाले नाहीत, हे वनखात्याच्या पदरात टाकले पाहिजे. पण कुपाचा आकार शेवटी रेल्वे, कारखाना आणि युद्ध यांच्या मागणीने ठरत होता, हेही तितकेच खरे.

मराठी मुलखाच्या अगदी कडेला या व्यवहाराचे सर्वांत ठळक उदाहरण दांडेलीचे. कारवार जिल्हा १८६२ पासून मुंबई इलाख्यात होता. काळी नदीच्या खोऱ्यातला साग, शिसव, किंजळ, नाणा, जांबा यांना मुंबईत आणि पठारावर पक्के गिऱ्हाईक होते. नदीने लाकूड खाली नेण्याला धबधब्यांची आणि खडकांची आडकाठी. कद्रा गावाच्या खालीच पाणी संथ. उलट घाटमाथ्यावर सदर्न मराठा रेल्वेचा मीटरगेज रस्ता बेळगाव, लोंढा, धारवाड, हुबळी असा तयार होता. पहिले महायुद्ध संपता संपता, १९१९ च्या सुमारास, अळणावरपासून दांडेलीपर्यंत सुमारे तीस किलोमीटरचा फाटा टाकला गेला. पैसा मुंबई सरकारचा, गाड्या चालवायच्या मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेने. प्रवासी हे त्याचे कारण नव्हतेच, कारण लाकूड.

या फाट्याने दांडेली गाव घडवले. रानातून ओंडके खटाऱ्यांनी दांडेलीच्या डेपोत येत, तिथे जातवार आणि मापवार रचले जात, लिलाव होई आणि वाघिणी भरत. ओंडका वाघिणीत चढवायला दोन तिरक्या बल्ल्या, दोर आणि आठदहा माणसांची एका सुरातली आरोळी. मीटरगेजचे जाळे एकच असल्यामुळे दांडेलीत भरलेली वाघीण गेज न बदलता हुबळी, हरिहर, अर्सिकेरे, तुमकूर करत थेट बंगळूर सिटी स्थानकावर येऊन लागू शकत होती. हरिहर ते बंगळूर हा दुवा १८८९ मध्ये जुळला होता. सिटी स्थानकापासून चामराजपेट जवळच. पुढचा मैलदीड मैल बैलगाडीचा.

या सोयीतून बंगळूरच्या लाकूडबाजाराची जागा ठरली. स्थानक, म्हैसूर रस्ता आणि जुनी पेठ यांच्या मधल्या पट्ट्यात वखारी आणि लाकूड चिरायच्या गिरण्या वाढल्या. म्हैसूर रस्त्यालगतची टिंबर यार्ड वसाहत आजही त्याच पट्ट्यात आहे. याच पेठेच्या आसपास राहणाऱ्या बंगळूरच्या मराठी घरांचा इतिहास १६३८ नंतर इथली जहागीर शहाजीराजांकडे आली तेव्हापर्यंत मागे जातो. पेठेतली आणि तिच्या भोवतालची ही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आली, आणि बेळगाव-धारवाडहून येणारी गाडी त्यांना माहेरच्या मुलखाशी जोडत होती. त्याच गाडीला मागे ओंडक्यांच्या वाघिणी असत, याची फारशी कुणी दखल घेतली नसावी.

अशा रानगाड्या आणखीही होत्या. कोचीन संस्थानाने १९०७ मध्ये चालाकुडीपासून परंबिकुलमच्या रानापर्यंत सुमारे ऐंशी किलोमीटरचा ट्रामवे उघडला. घाटाच्या उभ्या उतारावर एंजिनाचे काही चालत नव्हते, म्हणून तिथे भरलेल्या वाघिणी आपल्या वजनाने खाली उतरत आणि चाकावरून फिरणाऱ्या दोराच्या दुसऱ्या टोकाला बांधलेल्या रिकाम्या वाघिणी वर खेचत. हा ट्रामवे १९६३ पर्यंत टिकला. गुजरातकडे सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाने बिलिमोऱ्याहून वघईपर्यंत ६३ किलोमीटरचा अडीच फुटी रस्ता टाकला, तो डांगच्या सागासाठी. डांगची राने १८४२ मध्येच भिल्ल राजांकडून इंग्रजांनी भाडेपट्ट्याने घेतली होती. वघईची छोटी गाडी प्रवाशांना घेऊन अजून धावते.

पण लाकूड, रूळ आणि कारखाना यांची सगळ्यात घट्ट गाठ पडली ती भद्रावतीला. म्हैसूर संस्थानाच्या बाबाबुदन डोंगरांत उत्तम खनिज लोखंड होते, पण संस्थानात दगडी कोळसा नव्हता. तो बंगालबिहारकडून आणायचा तर वाहतुकीतच नफा बुडणार. जवळ होते ते शिमोगा आणि कडूर जिल्ह्यांतले रान. तेव्हा लोणारी कोळशावर लोखंड वितळवायचे असे ठरले. दिवाण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या आग्रहाची ही योजना. विश्वेश्वरय्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झालेले, आणि १८८४ पासून दोन तपे त्यांनी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिक, खानदेश, सुरत, पुणे इथे काढलेली. खडकवासल्याच्या धरणावरची आपोआप उघडणारी दारे त्यांचीच. १९१२ ते १९१८ ते दिवाण होते. भद्रावतीसाठी सल्लागार म्हणून अमेरिकेचे चार्ल्स पेज पेरिन आले. साकचीच्या टाटा कारखान्याच्या उभारणीत त्यांचाच सल्ला होता. १९१८ मध्ये काम सुरू झाले आणि १८ जानेवारी १९२३ रोजी भट्टी पेटली. पुढे १९२९ पर्यंत विश्वेश्वरय्यांनी कारखान्याच्या मंडळाचे अध्यक्षपद सांभाळले.

भट्टीला किती लाकूड लागे? साधारण मान असे धरतात की एक टन कच्च्या लोखंडाला जवळपास एक टन लोणारी कोळसा लागतो आणि एक टन कोळशाला चार टन वाळके लाकूड. म्हणजे दिवसाला पन्नास टन लोखंड काढायचे तर दोनशे टन लाकूड रोज दारात आले पाहिजे. छोट्या ट्रामच्या वाघिणीत पाच टन मावते असे धरले तर रोज चाळीस वाघिणी, पावसाळ्यातही. तळ तर पावसाळ्यात बंद. म्हणून कारखान्याच्या आवारात उन्हाळ्यापर्यंत लाकडाच्या रांगाच्या रांगा रचून चार महिन्यांची बेगमी करावी लागे.

हे लाकूड आणायला कारखान्याने रानात दोन फुटी ट्रामवे टाकले. अशा रुळाचे बळ त्याच्या हलकेपणात असते. मुख्य रेल्वेचा रूळ यार्डाला चाळीसपन्नास पौंड भरे. रानातला दहा ते वीस. स्लीपरला आधीच जोडलेले तयार तुकडे चारसहा माणसांनी उचलून न्यावेत आणि एकमेकांना जोडावेत, एवढे ते सुटसुटीत. फ्रान्सच्या डकोव्हिलने ही रीत १८७० च्या दशकात रुळवली. कूप संपले की तुकडे उचलायचे आणि पुढच्या कुपात टाकायचे. त्याआधीही या भागाला अशा रुळांची ओळख होती: तरीकेरेपासून नरसिंहराजपुरापर्यंत, १९१५ च्या सुमारास, संस्थानाने दोन फुटी हलकी रेल्वे टाकली होती. बिरूर-शिमोगा मीटरगेज १८९९ चा. त्यामुळे तरीकेरे, भद्रावती आणि शिमोगा ही गावे रानातल्या रुळांची आणि शहराकडे जाणाऱ्या रुळांची गाठ पडण्याची ठिकाणे झाली. खनिज मात्र वरून येई: केम्मण्णुगुंडीच्या डोंगरमाथ्यावरून रज्जुमार्गाने तणिगेबैलूपर्यंत आणि तिथून ट्रामने कारखान्यात.

लोणारी लोक रानात करतात तशी मातीने लिंपलेली भट्टी इथे पुरण्यासारखी नव्हती. मातीच्या भट्टीत धूर आकाशात जातो आणि धुराबरोबर मोलाच्या गोष्टीही. भद्रावतीत लाकडाचे ऊर्ध्वपातन करण्याचा मोठा कारखाना अमेरिकन धर्तीवर उभारला गेला. सारख्या लांबीत कापलेले लाकूड लोखंडी गाड्यांत रचायचे, गाड्या लांबट भट्टीत ढकलायच्या, दारे घट्ट मिटायची आणि बाहेरून तापवायचे. हवेवाचून लाकूड जळत नाही, विरघळल्यासारखे सुटते. त्याची वाफ नळ्यांतून नेऊन थंड केली की तांबूस, आंबट द्रव मिळतो. त्यापासून डांबर, चुन्याचे अ‍ॅसिटेट आणि मिथाइल अल्कोहोल वेगळे काढायचे. गाड्यांत उरतो तो कोळसा. तो तापलेला असताना हवेत आणला तर भडकून राख होईल, म्हणून दुसऱ्या बंद खोलीत निवेपर्यंत ठेवायचा. कागदावर हिशोब असा होता की अल्कोहोल आणि अ‍ॅसिटेट विकून कोळसा जवळजवळ फुकट पडेल.

हा हिशोब चुकला, आणि त्याला मलनाडातले कुणीही जबाबदार नव्हते. ज्या १९२३ साली भद्रावतीची भट्टी पेटली, त्याच साली जर्मनीत बीएएसएफ कंपनीने लाकडाशिवाय, वायूंपासून, मिथाइल अल्कोहोल तयार करायला सुरुवात केली. काही वर्षांतच लाकडी अल्कोहोलचे भाव कोसळले. युद्धानंतरच्या मंदीने लोखंडाचा भावही पडला. संस्थानात कारखान्यावर टीकेची झोड उठली. तो तगला तो ओतीव लोखंडाचे नळ, १९३० च्या दशकात पोलाद आणि सिमेंट अशी नवी कामे अंगावर घेऊन. १९३६ मध्ये शेजारी म्हैसूर पेपर मिल आली. तिला बांबू हवा होता. रानाला आता दोन तोंडांची भूक भागवायची होती.

ट्रामवेची अडचण रानाच्या गणितातच होती. पहिल्या वर्षी कूप कारखान्याजवळ असते. दरवर्षी ते दूर सरकते. लाकडाचा टन तोच, पण त्याच्यासाठी टाकायचे रूळ, बांधायचे लाकडी पूल आणि जाळायचे इंधन वाढत जाते. तोडलेल्या जागी पुन्हा तोडण्याजोगे झाड उभे राहायला तीसचाळीस वर्षे लागतात आणि भट्टी एक दिवसही थांबत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश १९४२ मध्ये जपानच्या हाती गेला, तिथला साग थांबला आणि लष्कराची सगळी मागणी हिंदुस्थानच्या रानांवर आली. पश्चिम घाटाची अनेक राने त्या चारपाच वर्षांत ठरल्याहून जास्त तुटली.

भद्रावतीत लाकडाचा शेवट विजेने केला. जोग धबधब्याजवळचे जलविद्युत केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले आणि १९५२ मध्ये विजेच्या भट्ट्या आल्या. लोणारी कोळशाची गरज ओसरली तसे रानातले रूळ उचलले गेले. उरलेली वाहतूक ट्रकांनी घेतली. ट्रकला रूळ लागत नाहीत आणि कूप कुठेही असले तरी रस्ता काढता येतो. भद्रा नदीवर लक्कवल्लीला धरण झाले, रानाचा मोठा भाग पाण्याखाली गेला आणि उरलेले रान आज भद्रा व्याघ्र प्रकल्पात आहे. दांडेलीत १९५० च्या दशकात वेस्ट कोस्ट पेपर मिल आली, १९५६ मध्ये अभयारण्य जाहीर झाले आणि पुढे ते काळी व्याघ्र प्रकल्पात सामावले. दांडेलीच्या फाट्यावरची प्रवासी गाडी १९९० च्या दशकात बंद पडली. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, दांडेलीच्या अलीकडच्या अंबेवाडी स्थानकापर्यंत.

शहराची भूक मात्र थांबली नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमूल्य रेड्डी आणि सुधाकर रेड्डी यांनी बंगळूरच्या जळणाचा अभ्यास केला, तेव्हा गॅस असूनही गरिबांच्या चुलींसाठी लाकडाचे ट्रक रोज शहरात उतरत होते. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात देशभरच्या तोडीला लगाम घातला. तेव्हापासून म्हैसूर रस्त्यावरच्या वखारींत परदेशी ओंडके वाढले. ब्रह्मदेशाने २०१४ मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केल्यावर आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतला लागवडीचा साग आला. आता तो जहाजाने आणि कंटेनरने येतो. रेल्वेचे स्लीपर काँक्रीटचे झाले. भद्रावतीचा कारखाना बंद करण्याचा निर्णय तो चालवणाऱ्या ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीच्या संचालक मंडळाने जानेवारी २०२३ मध्ये घेतला, भट्टी पेटल्याला शंभर वर्षे पुरी होत असताना. कामगारांच्या आंदोलनानंतर काही विभाग पुन्हा चालू झाले.

या शतकभराच्या कामात राजे, दिवाण आणि इंजिनिअर यांची नावे रस्त्यांना आणि कारखान्यांना आहेत. कूप तोडणारे, ओंडका चिरणारे, रूळ उचलणारे, हिवतापाने गेलेले यांची नावे फक्त मुकादमाच्या हजेरीपटात आणि उचलीच्या वहीत असायची. अशा वह्या कंत्राटदारांच्या वाड्यांत, वनखात्याच्या जुन्या कचेऱ्यांत किंवा कारखान्याच्या गोदामांत कुठे उरल्या असतील, तर त्या रद्दीत जाण्याआधी राज्य अभिलेखागारात पोचल्या पाहिजेत. तळावर लहानपण काढलेली माणसे आता ऐंशी-नव्वदीत आहेत. खानापूर, हल्याळ, जोयडा, भद्रावती आणि बंगळूर इथल्या ज्या घरांत आजोबा ‘रानात कामाला’ होते, त्या घरांनी त्यांचे नाव, गाव, कूप आणि हंगाम एवढे तरी आजच लिहून ठेवावे.